‘टँक’चा माग: ऑक्सफर्ड, विक्शनरी की एटिमऑनलाइन?

जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनातला एक उतारा वर्गात अनुवादाला दिला होता. संध्याकाळी गावातल्या बायका ‘टँक’च्या पायऱ्या उतरतात, असं त्यात वाक्य. एका मुलीने लिहिलं, ‘टाकीच्या पायऱ्या’. माझ्या डोळ्यांसमोर गावाबाहेरची सिमेंटची टाकी आणि तिची लोखंडी शिडीच उभी राहिली. तिथे हवं होतं ‘तळं’. त्या रात्री शब्दाचं मूळ शोधायला बसलो, आणि तेव्हापासून ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश, विक्शनरी हा वाचकांनीच लिहिलेला ऑनलाइन कोश आणि एटिमऑनलाइन हे इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचं संकेतस्थळ, या तीन ठिकाणी माझी ये-जा आहे. एकच निवडायचं तर कुठलं, असं कोणी विचारलं की मी आधी जरा घुटमळतो.

कारण मोठेपणाचा प्रश्न असेल तर ऑक्सफर्डपुढे कोणीच नाही. 1884मध्ये पहिला भाग आणि 1928मध्ये शेवटचा, अशी ज्याची छपाई चालली, त्या कोशाची खरी श्रीमंती व्याख्यांत नाही, अवतरणांत आहे. शब्द कोणत्या साली, कोणाच्या वाक्यात आला आणि पुढे त्याचा अर्थ कसा घसरत गेला, हे वाक्यांवाक्यांतून दिसतं. शोधनिबंध लिहिणाऱ्याने पुढचं वाचूच नये, सरळ तिकडे जावं.

माझं घोडं अडलं ते दारात. हा कोश वर्गणीचा. कॉलेजात होतो तोवर ग्रंथालयाच्या लॉगिनवर चालायचं. निवृत्त झालो आणि महिन्याभरात ते बंद झालं. ब्रिटनमध्ये बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्डावर हा कोश घरबसल्या वाचता येतो म्हणे. आमच्या वाचनालयात दिवाळी अंकांसाठीच नंबर लावावा लागतो, तिथे हे कुठलं मागणार? पैशांपेक्षाही मला खुपलं ते वेगळंच. शब्दाचं कुतूहल रात्री अकराला, चहाचा कप हातात असताना जागं होतं आणि पाच मिनिटांत विझतं. तेवढ्या वेळात पासवर्ड आठवायचा म्हणजे कुतूहलच नको वाटतं. कुणाला ही तक्रार क्षुल्लक वाटेल. माझा निकाल मात्र तिनेच लावला.

विक्शनरी फुकट आहे, आणि तिथे मूळ शब्द देवनागरीत दिसतो याचा आनंद वेगळाच. भगिनीभाषांतली रूपंही शेजारी मिळतात. पण कोणालाही बदलता येणारी नोंद वर्गात छातीठोकपणे सांगताना माझी जीभ जरा अडखळते. स्वभावदोष असेल.

राहिलं एटिमऑनलाइन. डग्लस हार्पर नावाच्या, वृत्तपत्रात काम केलेल्या अमेरिकी माणसाने हे काम सुरू केलं आणि वर्षानुवर्षं मुख्यतः एकट्याने ओढलं. दार सताड उघडं. ‘टँक’ टाकलं की ते सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोचवतं: पोर्तुगिजांनी हिंदुस्थानातून नेलेला शब्द, मुळाशी गुजराती ‘टांख’ किंवा आपलं ‘टाकं’. शिवनेरीवरची गंगा-जमुना ही टाकीच की! म्हणजे त्या मुलीची टाकी अगदीच परकी नव्हती. पण पोर्तुगीजमध्ये पाणी अडवण्यावरूनही तसाच शब्द आहे, हेही तिथेच कळतं. पुढे पहिल्या महायुद्धात रणगाडा बनवताना गुपित फुटू नये म्हणून त्याला हेच पाणीदार नाव दिलं, आणि 1916मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत तो त्याच नावाने उतरला.

मला भावतो तो त्याचा ‘कदाचित’. एका नावाजलेल्या कोशात हाच शब्द पोर्तुगीजपाशी येऊन निर्धास्त थांबतो. इथे दोन्ही वाटा दाखवून ठेवल्या आहेत. ‘पॉश’ ही ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं, म्हणजे इंग्लंडहून मुंबईला येणाऱ्या बोटीवरची येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची सावलीतली केबिन, ही गोष्ट मीही वर्षानुवर्षं रंगवून सांगत आलो. तिला पुरावा नाही, हे इथेच दोन ओळींत वाचलं आणि गप्प बसलो.

उणीव आहेच. दशक मिळतं, पण त्या दशकातलं वाक्य बहुधा मिळत नाही. निदान हिंदुस्थानी शब्दांपुरती ती भूक मी ‘हॉब्सन-जॉब्सन’वर भागवतो. युल आणि बर्नेल यांचा 1886चा हा कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संग्रहात मोफत आहे, आणि त्याच संग्रहात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही. ‘टँक’ला दुहेरी मूळ असल्याचं कोडं युल आणि बर्नेलनाही पडलं होतं.

छापील पुस्तकांतल्या शब्दांच्या वापराचे चढउतार आलेखात बघायला गुगलचा एनग्रॅम बरा, पण 1800च्या आधीच्या आलेखावर फार विसंबू नका. जुन्या छपाईतला लांब ‘एस’ यंत्राला ‘एफ’ वाटतो, आणि मग भलतेच शब्द उगवतात. तेही रात्री अकराला बघायला मजेदार असतात म्हणा.