चिनी लोकांत सेवा करू इच्छिणाऱ्यांसाठीचा वर्ग, भायखळा

भायखळ्याच्या एका चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी भरणारा हा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. मी नर्स आहे. सिंगापूरच्या नोकरीचं जवळजवळ नक्की झालंय आणि तिथल्या चिनी लोकांत ख्रिस्ती सेवा करायची माझी फार इच्छा आहे. शिकवणाऱ्या बाई मिझोरामच्या, बरीच वर्षं तैवानात राहिलेल्या. शिकवतात हिंदीतून.

बाईंनी सुरुवातीला प्रचाराचं नावही काढलं नाही. आधी कुणाच्या घरी पाहुणं म्हणून कसं जायचं ते शिकवलं. भेट दोन्ही हातांनी द्यायची, भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचायच्या नाहीत (मयतापुढे लावलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं), आणि वयस्क माणसाची चूक चारचौघांत काढायची नाही, मग विषय पवित्र शास्त्राचा का असेना. खुद्द चीनमध्ये परदेशी माणसाला लोकांना धर्मात आणण्याची १९९४ च्या नियमांनुसार मनाई आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. खोटं कारण दाखवून व्हिसा काढला तर आपण परत येतो, भोगावं लागतं तिथल्या विश्वासणाऱ्यांना. हे इतक्या सरळपणे सांगणारं मला आजवर कुणी भेटलं नव्हतं.

सगळ्यात चांगला तास छिंगमिंगवरचा. एप्रिलच्या सुरुवातीला चिनी कुटुंबं पूर्वजांची थडगी साफ करतात, धूप लावून वाकून नमस्कार करतात. नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या मुलीनं घरच्यांबरोबर जावं का? आमच्यातले एक काका तडक म्हणाले, ही मूर्तिपूजाच. त्यावर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मग काका, आमच्या घरी आजोबांच्या फोटोला हार असतो, तो काढून टाकू?" वाद चांगलाच रंगला. बाईंनी तो थांबवला नाही. नंतर सांगितलं, की याच प्रश्नावर पोपनी १७१५ मध्ये चिनी ख्रिस्ती लोकांना असे विधी करायला बंदी घातली, त्यावर चिडून १७२१ मध्ये चीनच्या खांग्शी बादशहानं मिशनरींचा प्रचार बंद केला, आणि रोमनं आपली बंदी सैल केली ती थेट १९३९ मध्ये. त्यांचं स्वतःचं मत असं: मुलीनं जावं, झाडू हातात घ्यावा, फुलं वाहावीत. धुपाचं काय ते तिनं तिथल्या ख्रिस्ती वडीलधाऱ्यांबरोबर ठरवावं, आपण बाहेरून आलेल्यांनी नाही. मला ते पूर्ण पटलं.

चीनला गेलेल्या जुन्या मिशनरींबद्दलही वर्गात सांगितलं. इटालियन जेसुइट मातेओ रिचीनं आधी बौद्ध भिक्षूचा, मग चिनी पंडिताचा वेष घेतला. इंग्रज मिशनरी हडसन टेलर १८५४ मध्ये शांघायला उतरला आणि पुढे चिनी कपडे घालून, वेणी ठेवून हिंडला. हा इतिहास शिकवून झाला, पण आपले नारायण वामन टिळक राहून गेले. त्यांनी अभंग आणि कीर्तनातून ख्रिस्त मराठी घरात आणला. निम्मा वर्ग मराठी होता, टिळकांचं नाव निघालं असतं तर रिची लगेच आपला वाटला असता.

उणिवा सांगायलाच हव्यात. मँडरिन या चिनी भाषेचे चार सूर (सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो) अर्ध्या तासात उरकले. तेवढ्यानं काही होत नाही, भाषेचा वर्ग वेगळा लावाच. तैवान, सिंगापूर, चीन सगळं एका पोत्यात घातलं जातं. आणि मुंबईच्या चिनी माणसांचा उल्लेखच नाही! माझगावचं सी यिप मंदिर हॉलपासून फार लांब नाही. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या हजारो चिनी लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं होतं. शेजाऱ्यांवर काय गुदरलं हे ठाऊक नसताना आपण चिनी माणसावर प्रेम करायला समुद्रापार जायचं, हे मला बरोबर वाटत नाही.

फी नाममात्र, चहा-वडापाव त्यातच. टिपणं मात्र इंग्रजीत आणि झेरॉक्स फिकी. पुढच्या तुकडीला माझगावची एक फेरी ठेवा, असं मी बाईंना लिहून दिलंय. त्यांनी ती ठेवली आणि मी तोवर इथेच असले, तर मीही येणार.