बॅटरीवरचा बंक एसी: दोन कुत्र्यांसोबत अकरा महिने वापरल्यावर

आम्ही नवरा-बायको अमेरिकेत घरसामान हलवणारा ट्रक चालवतो. ट्रॅक्टर, म्हणजे इंजिन आणि केबिनचा पुढचा भाग, आमचा; मागचा ५३ फुटी ट्रेलर कंपनीचा. इथले बाकीचे ट्रकवाले आमच्या जातकुळीला 'बेडबगर' म्हणतात, म्हणजे लोकांच्या गाद्यांसोबत ढेकूणही वाहणारे. सोबत चिंगी (सात वर्षांची, लॅब्रॉडोरचं मिश्रण) आणि गोट्या (तीन वर्षांचा, जात त्यालाच ठाऊक). दोघांना फक्त मराठी कळतं. ट्रक स्टॉपवर कुणी 'सिट' म्हटलं की गोट्या त्या माणसाच्या तोंडाकडे बघत उभा राहतो.

गेल्या ऑक्टोबरात ट्रकच्या बंकसाठी, म्हणजे केबिनमधल्या सीटमागच्या झोपायच्या जागेसाठी, बॅटरीवर चालणारा एसी बसवून घेतला. बसवण्याच्या मजुरीसकट सात हजार डॉलरच्या वर गेले. आता अख्खा उन्हाळा काढून झालाय म्हणून लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या निम्म्या बसवणाऱ्याच्या आहेत.

इंटरनेटवर या एसीचं कौतुक वाचलंत तर ते लिहिणारे जवळपास सगळे रात्री झोपणारे आहेत. ते दिवसभर गाडी हाणतात, रात्री ट्रक स्टॉपला लावतात, आठ तास गार झोप लागते, खूश. आमचं गणित उलटं आहे. माल भरायच्या दिवशी ट्रक सकाळी आठला गिऱ्हाइकाच्या दारात लागतो तो संध्याकाळपर्यंत हलत नाही. आम्ही आत-बाहेर करत असतो आणि कुत्री केबिनमध्ये. गिऱ्हाइकाच्या घरात त्यांना न्यायचं नाही, कुणाला ॲलर्जी असते. ट्रेलरमध्ये तर नाहीच; सामानाभोवती गुंडाळायच्या गोधड्यांना केस चिकटले की दुसऱ्याच्या सोफ्यावर जातात. म्हणजे आम्हाला गारवा लागतो तो भर दुपारी, उन्हात, एका जागी उभं राहून.

मग इंजिन चालू ठेवा की! तासाला पाऊण गॅलनच्या वर डिझेल जातं, ते एक. दुसरं म्हणजे कॅलिफोर्नियात पाच मिनिटांच्या वर इंजिन नुसतं घरघरत ठेवता येत नाही. आमच्या ट्रकच्या दारावर 'क्लीन आयडल'चं, म्हणजे उभ्या इंजिनाचा धूर कमी असल्याचं, स्टिकर आहे, त्यावर सवलत मिळते, पण राहत्या घरांपासून १०० फुटांच्या आत तीही नाही. आता घरसामानाचा ट्रक घरापासून १०० फुटांच्या आत नाही तर कुठे उभा राहणार? एपीयू, म्हणजे मोठं इंजिन बंद ठेवून केबिन गार करणारं वेगळं यंत्र, छोट्या डिझेल इंजिनवर चालणारं असेल तर त्यालाही हेच १०० फूट लागू. शिवाय २००७ किंवा त्यानंतरच्या इंजिनच्या ट्रकवर त्या एपीयूच्या धुराचाही वेगळा बंदोबस्त करावा लागतो. म्हणून बॅटरी.

आता हिशोब. आमच्याकडे १०० अँपिअर-तासांच्या चार एजीएम (बंद प्रकारच्या शिसे-आम्ल) बॅटऱ्या आहेत. कागदावर ४००, पण पार निथळेपर्यंत वापरल्या तर लवकर मरतात, म्हणून हाताशी २८० धरा. रात्री एसी ३५ ते ४० अँपिअर ओढतो, म्हणजे सात-आठ तास. जाहिरातीतला आकडा खरा आहे, खोटं नाही बोलत ते. पण दुपारी केबिन तापलेली असताना कॉम्प्रेसर थांबतच नाही, साठच्या आसपास ओढत राहतो. २८० भागिले ६०. साडेचार तास. हा भागाकार विकणाऱ्याने करून दाखवला नव्हता आणि आम्हीही केला नव्हता.

तो आम्हाला जूनमध्ये ॲरिझोनातल्या टूसॉनला समजला. बाहेर १०८ फॅरनहाइट, म्हणजे ४२ सेल्सिअस. तीन बेडरूमचं घर. मी इन्व्हेंटरी लिहीत होते: प्रत्येक वस्तूला नंबरचं स्टिकर, कागदावर त्याच नंबरापुढे कुठे ओरखडा, कुठे टवका. नवरा आणि दोन मदतनीस ट्रेलरमध्ये थर रचत होते. पावणेएकला खिशातला फोन थरथरला. केबिनमध्ये आम्ही तापमान बघणारं सिमकार्डवालं यंत्र लावलंय, ते ८४ च्या वर गेलं की मेसेज करतं. जाऊन बघते तर एसीच्या पट्टीवर ११.४ व्होल्ट, कॉम्प्रेसर बंद, नुसता पंखा. बॅटरी वाचवायला तो स्वतःच बंद होतो. चिंगी शेजारच्या सीटच्या पायाशी लांब जीभ काढून पडलेली, गोट्या दाराच्या फटीला नाक लावून. नवरा मागून ओरडला, "अगं, आधी खाली घे त्यांना, इंजिन मी लावतो!" घराच्या मालकीणबाईंनी फरशीची लाँड्री रूम उघडून दिली, मी ओल्या टॉवेलने दोघांची पोटं पुसली, वीस मिनिटांत माणसात आली. इंजिनच्या आवाजाची तक्रार करायला समोरचे आजोबा आले होते. कुत्र्यांकडे बघितलं आणि काही न बोलता परत गेले.

त्या दिवसापासून दर अर्ध्या तासाला आमच्यापैकी एकजण केबिनपाशी जाऊन येतोच, मेसेज येवो न येवो. ते यंत्र मोबाइलच्या रेंजवर चालतं, आणि रेंज ही काय चीज आहे ते नेवाडात गेलात की कळेल.

काही गोष्टींनी फरक पडला. काचांना चंदेरी पडदे, आणि सीट व बंकच्या मधला जाड पडदा पूर्ण ओढून फक्त बंक गार करायचा. एवढ्यावर साडेचारचे सहा तास झाले. ट्रकचं तोंड उत्तरेला ठेवता आलं तर अजून बरं, पण गल्लीत निवड कसली. वर २०० वॉटचं सोलर बसवलं. थोडा हातभार लागतो, पण एसी त्याच्या तिपटीने खातो. शंभरच्या वरच्या दिवसांत आम्ही दुपारचे तीन-चार तास कुत्री डॉग डेकेअरला ठेवतो. तो खर्चही सात हजारांत धरा.

आता केस. पुस्तिकेत लिहिलंय, फिल्टर महिन्यातून एकदा धुवा. लिहिणाऱ्याच्या घरी कुत्रा नसावा. हवा आत ओढणारी जाळी बसवणाऱ्याने बंकच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर दिली आणि चिंगी नेमकी तिथेच पाठ टेकून झोपते. पाचव्या आठवड्यात हवा येईना. जाळी काढली तर आत राखाडी नमद्यासारखा थर, अख्खा सोलून निघाला. ऑगस्टमध्ये तेच केस पाणी जाणाऱ्या नळीत अडकले आणि रात्री दोनला माझी गादी ओली. मी आधी गोट्यावर संशय घेतला, बिचारा. आता दर दहा दिवसांनी जाळी धुतो आणि नळीत फुंकर मारतो. तुम्ही बसवणार असाल तर हवेची जाळी वर, कुत्र्याच्या पाठीला लागणार नाही अशी मागून घ्या. एपीयूसारख्या यंत्रासाठी ट्रकच्या कमाल वजनात ५५० पौंडांपर्यंत सवलत मिळते म्हणून विक्रेता ऐकवेल. आपला ट्रेलर वजनाआधी जागेनेच भरतो, त्यामुळे तिकडे कानाडोळा करा.

थंडीत मात्र तक्रार नाही. डिझेलवरचा बंक हीटर वेगळा आहे, तो याच बॅटऱ्यांवर पंखा फिरवतो. फेब्रुवारीत वायोमिंगमध्ये वाऱ्यामुळे आय-८० महामार्ग बंद झाला आणि रॉलिन्सला एकोणीस तास अडकलो. तिथे अर्धा भरलेला उंच ट्रेलर आडवा व्हायला वेळ लागत नाही, त्यामुळे बंद ठेवतात ते बरंच. चौघं एका बंकवर, खिडकीवर आतून बर्फ नाही, बॅटरी शाबूत.

एक गंमत सांगायची राहिली. वजनावर बिल होतं, त्यामुळे रिकामा आणि भरलेला ट्रक काट्यावर घेताना ड्रायव्हरसकट एकही माणूस गाडीत चालत नाही. नियमात कुत्र्यांचा उल्लेख नाही, पण आम्ही त्यांनाही उतरवतो. चिंगी एकटीच ८२ पौंड आहे. तेवढ्यापुरता एसी चालू राहतो आणि रिकामी केबिन मस्त गार होते.

घ्यावा का? रात्रीसाठी डोळे मिटून घ्या. पॅकिंग-लोडिंगचं काम आणि सोबत कुत्री असतील तर चारऐवजी सहा बॅटऱ्यांची जागा आहे का ते आधी बघा, नाहीतर लिथियम बॅटऱ्यांचे पैसे साठेपर्यंत थांबा. आम्ही मार्चपर्यंत थांबणार आहोत. जाळी मात्र याच आठवड्यात वर नेऊन घेतोय.