बिडाचा तवा, भांडी बाजार: पाचपैकी चार

सव्वादोन किलोचा हा तवा आणून चार महिने झाले. दुकानदार म्हणाला, "काका, नॉनस्टिकने मेंदू खराब होतो, हा घेऊन जा." माल खपवायची ही तऱ्हा मला रुचली नाही, कारण त्या रसायनांशी माझी जुनी ओळख आहे.

सातपूरला क्रोम प्लेटिंगमध्ये मी बावीस वर्षं काढली. टाकीतून आम्लाचे तुषार उडू नयेत म्हणून या धंद्यात पीएफओएस नावाचं रसायन वापरत. नॉनस्टिकचा थर बनवताना पूर्वी लागणारं पीएफओए त्याचंच भावंड. दोन्ही निसर्गात विरत नाहीत, रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच काही वर्षं जातात. अशा न विरणाऱ्या घातक द्रव्यांना आवर घालणाऱ्या जागतिक स्टॉकहोम कराराच्या यादीत पहिलं २००९ साली आलं, दुसरं २०१९ साली. दहा दिवसांच्या उंदरांच्या पिल्लांना यांचा एकच डोस दिला, तर मोठेपणी ती नव्या पिंजऱ्याला नीट सरावेनात. ही द्रव्यं वारेतून गर्भापर्यंत पोचतात, थायरॉईडच्या कामात लुडबुड करतात, आणि बाळाचा मेंदू घडतो तो त्या हार्मोनच्या जोरावर. माणसांच्या मुलांवरचे अभ्यास मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय तव्यावरचा तयार थर पोटात गेला तरी तसाच बाहेर पडतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरलात तर धूर वाईट, एवढं खरं. म्हणजे दुकानदाराचं अर्धंच बरोबर.

तरी घेतला. सुनेला सातवा महिना होता, आणि आमच्या जुन्या तव्याचे पोपडे निघाले होते.

आता तव्याबद्दल. तीन दिवस तांदळाच्या धुवणात ठेवला, मग तेल पाजून कांदा घासला. पहिली चार घावनं सरळ गाईच्या तोंडी गेली. पाचवं सुटलं. थालीपीठ तर असं खरपूस होतं की नॉनस्टिकवर कधी झालंच नव्हतं. आंबट काही करू नका, टोमॅटो ऑम्लेटने सगळी तुकतुकी गेली आणि पुन्हा पहिल्यापासून तेल पाजावं लागलं. रात्री ओला राहिला की सकाळी तांबूस.

एक तारा वजनापायी कापला. बायकोचं मनगट दुखतं, त्यामुळे तवा उचलायचं काम कायमचं माझ्याकडे आलंय. दांडा नाही, सांडशी वेगळी घ्यावी लागली. एवढं मेंदूबिंदूचं ऐकवलं, तर ती तरी फुकट द्यायची.