शॉवरच्या कॉकचे सिरॅमिक स्पिंडल : चार महिन्यांच्या वापरानंतर

लातूरच्या आमच्या घरातला शॉवर दिवाळीपासून ठिबकत होता. एका रात्री दहा वाजता त्याखाली बादली ठेवली आणि सकाळी सहाला मापाने मोजले, तर सव्वादोन लिटर पाणी भरले. म्हणजे दिवसाला पावणेसात लिटर. ज्या शहरासाठी एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे एवढे पाणी न्हाणीघरातून वाहून जावे, हे मला सहन होईना. प्लंबर दोनदा 'येतो' म्हणूनही आला नाही, तेव्हा यापूर्वी साधी तोटीही बदललेली नसताना मी हे काम हाती घेतले.

शॉवर गळू लागला की बहुतेक घरांत शॉवरची जाळीच बदलली जाते आणि तो खर्च वाया जातो. कॉक बंद केल्यावर वरच्या नळीत राहिलेले पाणी काही मिनिटे ठिबकणारच, पण अर्ध्या-पाऊण तासानंतरही थेंब पडत असतील, तर दोष खाली भिंतीतल्या कॉकमध्ये असतो. मी टाकीचा गेट व्हॉल्व्ह बंद केला, कॉक उघडून उरलेले पाणी जाऊ दिले आणि स्क्रू हरवू नये म्हणून मोरीच्या जाळीवर फडके टाकले. मूठ आणि तिच्यामागची चकती काढल्यावर आतले स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरून पाणी सोडणारा-अडवणारा भाग, पान्ह्याने डावीकडे फिरवले, तर ते हलेना. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार आट्यांत दगडासारखा बसला होता. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवले, तेव्हा ते सुटले. टोकाच्या रबरी वायसरवर गोल खाच पडलेली स्पष्ट दिसत होती.

जुने स्पिंडल सोबत घेऊनच दुकानात जावे, कारण मूठ ज्या दात्यांवर बसते त्यांची संख्या प्रत्येक कंपनीची वेगळी असते. दुकानदारकाकांनी दोन्ही स्पिंडले शेजारी धरून दाते आणि लांबी जुळवली आणि २१० रुपयांत अर्ध्या इंचाचे सिरॅमिक स्पिंडल दिले. यात रबर दाबून पाणी अडवण्याऐवजी दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात, त्यामुळे अर्ध्या फेऱ्यात कॉक बंद होतो आणि आवळण्यासाठी जोर लावावा लागत नाही. माझ्या सासूबाईंच्या दुखऱ्या बोटांना याचा फार दिलासा मिळाला. बसवताना आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप लागली नाही. तळाचे रबरी सील आणि वरची ओ-रिंग (रबरी कडी) तेवढे काम करतात. त्या दिवसापासून एकही थेंब गळलेला नाही.

तक्रारी दोन आहेत. पाकिटात बसवण्याची आकृती नाही, मराठी सूचना तर नाहीतच. दुसरी अधिक महत्त्वाची : सिरॅमिकला रेती सोसत नाही. तिसऱ्या आठवड्यात मूठ जड झाली, म्हणून उघडून पाहिले तर चकत्यांच्या फटीत वाळूचा कण होता. धुतल्यावर ती पुन्हा सैल झाली. चकतीवर एकदा चरा पडला, तर वायसरसारखी दोन-पाच रुपयांत सुटका नाही, सगळे स्पिंडलच बदलावे लागते. आपल्याकडे अनेक दिवसांनी पाणी येते आणि सुरुवातीला गढूळ येते, म्हणून त्या दिवशी आधी खालची तोटी सोडून पाणी स्वच्छ होऊ द्यावे.

मी याला पाचपैकी चार गुण देतो. मात्र विकत घेण्यापूर्वी कॉकच्या आत बोट घालून, सील जिथे टेकते ती पितळी कड चाचपून पाहा. ती खडबडीत किंवा झिजलेली असेल, तर नवे स्पिंडलही गळेल आणि तिथे प्लंबरलाच बोलवावे लागेल.