पीएचडीचा प्रबंध : सलग लिहावा की पेपर जोडून?

दोन्ही वाटांनी पदवी तीच मिळते. एक वाट जुनी: एक विषय, एक मांडणी आणि पहिल्या प्रकरणापासून शेवटच्या प्रकरणापर्यंत चालत जाणारा सलग प्रबंध. दुसरी वाट पेपरांची: तीन-चार शोधनिबंध आणि त्यांना एकत्र बांधणारा पुढचा-मागचा मजकूर. स्वीडन, नॉर्वे, नेदरलँड्स इथे विज्ञान आणि वैद्यकात ही दुसरी वाट चांगलीच रुळलेली आहे. अमेरिकेत अर्थशास्त्राचे विद्यार्थी बहुधा तीन स्वतंत्र निबंध एकत्र करून प्रबंध देतात. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान यांत मात्र अजून सलग प्रबंधाचाच वरचष्मा आहे. म्हणजे काही जणांची निवड विषयानंच करून टाकलेली असते. ज्यांच्यापुढे खरोखर दोन्ही पर्याय आहेत, म्हणजे शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, व्यवस्थापन, संगणकशास्त्र वगैरे मंडळी, त्यांच्यासाठी हा आढावा.

निवडीची चर्चा निघाली की लोक पानांचा आणि कष्टांचा हिशेब मांडतात. कष्ट दोन्हीकडे पुरेसे आहेत. बघायचं ते वेगळंच: तुमचं वेळापत्रक कोणाच्या हातात राहणार?

वेळापत्रकाचा हिशेब

सलग प्रबंधात वेळ तुमच्या आणि गाइडच्या हातात असतो. गाइडनं प्रकरण दोन महिने टेबलावर ठेवलं तरी तोवर तुम्ही पुढचं लिहू शकता. तिसरं प्रकरण अडलं तर पाचव्याला हात घालता येतो. उशीर झालाच तर तो कुठे झाला हे समोर दिसतं, आणि त्याबद्दल कोणाशी बोलायचं हेही माहीत असतं.

पेपरांचं तसं नसतं. एक पेपर एका वेळी एकाच जर्नलला पाठवता येतो, हा जवळपास सगळीकडचा नियम. त्यामुळे नकार एकामागून एक येतात आणि प्रत्येक नकारासोबत घड्याळ नव्यानं सुरू होतं. समजा, पहिल्या जर्नलनं चार महिने ठेवून पेपर परत केला. दुसऱ्यानं पाच महिन्यांनी मोठ्या दुरुस्त्या सांगितल्या, त्या करायला तुम्हाला दोन महिने लागले आणि फेरतपासणीत आणखी तीन गेले. एका पेपरमागे चौदा महिने झाले. यात कुणीही आळस केलेला नाही. गणित आणि अर्थशास्त्रात तर यालाही लवकर म्हणतील. संगणकशास्त्रात पेपर बहुधा परिषदांना पाठवतात; त्यांच्या तारखा आधीच जाहीर असल्यानं अंदाज बरा बांधता येतो, पण तिथेही नकार आला की पुढच्या परिषदेची वाट बघणं आलंच.

म्हणून पेपरांच्या वाटेला जाण्याआधी विद्यापीठाच्या नियमपत्रकातला एक शब्द शोधा: पेपर 'प्रकाशित' हवेत, 'स्वीकृत' हवेत, की नुसते 'पाठवलेले' चालतात? स्वीडनमधल्या प्रबंधांत एखाद-दुसरा पेपर अजून हस्तलिखिताच्या अवस्थेत असणं नेहमीचं आहे. काही ठिकाणी मात्र सगळे पेपर स्वीकृत झाल्याशिवाय प्रबंध जमाच करून घेत नाहीत. तुमच्याकडे हा कडक नियम असेल आणि फेलोशिपची मुदत ठरलेली असेल, तर माझं मत सरळ आहे: सलग प्रबंध लिहा. शेवटचं वर्ष कुठल्यातरी अनोळखी रिव्ह्यूअरच्या, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाच्या, सवडीवर टांगून ठेवू नये.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पेपरांच्या वाटेवरून सलग प्रबंधाकडे उशिरासुद्धा वळता येतं. अडकलेला पेपर प्रकरण म्हणून घातला, पुनरुक्ती काढली, सांधे जुळवले की काम होतं. कष्ट पडतात, पण ते तुमच्या हातात असतं. उलट दिशेनं, म्हणजे शेवटच्या वर्षात सलग प्रबंध मोडून त्याचे पेपर करून ते स्वीकृत करून घेणं, याला वेळच उरलेला नसतो. त्यामुळे मन डळमळीत असेल तर पहिला पेपर लवकर पाठवून बघा. त्याचं काय होतं ते पाहून ठरवायला जागा राहते.

पेपर जोडताना काय निघतं

"पेपर झाले, आता फक्त जोडायचे" हे वाक्य ऐकलं की मी त्या माणसाच्या वेळापत्रकात मनातल्या मनात तीन महिने वाढवतो. जोडणारा मजकूर, ज्याला स्वीडनमध्ये काप्पा म्हणतात, म्हणजे पेपरांचा गोषवारा नव्हे. तिन्ही पेपर मिळून असं काय सांगतात जे एकटा पेपर सांगू शकत नाही, याचं उत्तर तिथे द्यावं लागतं. ते उत्तर सापडत नाही असं अनेकांना तिथे पहिल्यांदाच जाणवतं, कारण पेपर संधी मिळेल तसे लिहिलेले असतात आणि प्रत्येक जर्नलच्या आवडीनुसार त्यांचं तोंड वेगळीकडे वळलेलं असतं.

मग बारीक विसंगती निघतात. पहिल्या पेपरात प्रतिसादक २१२ आणि तिसऱ्यात २०८. कारण साधं असतं: तिसऱ्या पेपराच्या वेळी एका रिव्ह्यूअरच्या सांगण्यावरून चार अर्धवट भरलेल्या प्रश्नावल्या वगळल्या. पेपर वेगवेगळे वाचणाऱ्याला हे कधी खटकणार नाही. ते एका बांधणीत आले की परीक्षक पेन्सिलीनं दोन्ही आकड्यांभोवती गोल करतात आणि व्हायवात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न तिथूनच येतो. एकाच चिन्हाचे दोन पेपरांत दोन अर्थ, एकाच गटाला दोन नावं, एकाच पद्धतीचं तीनदा वेगवेगळ्या शब्दांत वर्णन, हे त्याचेच भाऊबंद. छापलेला पेपर बदलता येत नाही, म्हणून हे फरक जोडमजकुरात एक छोटा तक्ता करून उघडपणे मांडायचे. तक्ता पहिल्या पेपरापासूनच ठेवत गेलात तर शेवटी शोधाशोध होत नाही.

सहलेखकांचा मुद्दा याहून नाजूक. पेपरावर चार नावं, प्रबंधावर एक. तुमचं नेमकं काम कोणतं, हे लेखी द्यावं लागतं. त्यासाठी क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादी वापरतात: कल्पना, पद्धत, विश्लेषण, पहिला मसुदा वगैरे. २०२२ साली तिला अधिकृत मानकाचा दर्जाही मिळाला. पेपर पाठवतानाच सगळ्यांच्या संमतीनं ती भरून ठेवा. तीन वर्षांनी आठवून भरायला बसलं की संबंध बिघडतात. एकाच पेपरावर दोन पीएचडीचे विद्यार्थी असतील तर तो कोणाच्या प्रबंधात जाणार, हेही तेव्हाच ठरवायचं.

प्रताधिकाराची भीती मात्र बऱ्याचदा उगाच असते. एल्सव्हिअर ही प्रकाशनसंस्था लेखकाला स्वतःचा लेख प्रबंधात घालू देते. अभियांत्रिकीची जर्नल काढणाऱ्या आयट्रिपलई या संस्थेचीही हरकत नसते. प्रबंध ऑनलाइन ठेवताना छापील रूपाऐवजी स्वीकृत मसुदा वापरा, एवढंच त्यांचं म्हणणं. टर्निटिनसारखं सॉफ्टवेअर तुमचेच पेपर 'साम्य' म्हणून दाखवेल. सुरुवातीला निवेदन द्या आणि अहवाल काढणाऱ्याला ते स्रोत वगळायला सांगा.

सलग प्रबंधाचा धोका

इथला धोका उशिरा कळतो. पेपरवाल्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच बाहेरच्या माणसाकडून खरमरीत टीका ऐकायला मिळते. सलग लिहिणाऱ्याचं काम गाइड आणि समितीपलीकडे कुणी पाहिलेलंच नसतं. त्यात गाइड मवाळ असेल तर पहिला कठोर वाचक थेट व्हायवात भेटतो.

दुसरा धोका मांडणी सरकण्याचा. पहिल्या प्रकरणात "या प्रबंधात तीन गोष्टी सिद्ध केल्या आहेत" असं दुसऱ्या वर्षी लिहिलेलं असतं. पाचवं प्रकरण संपेपर्यंत त्यातल्या दोनच उरतात आणि एक नवीच आलेली असते. मग प्रत्येक प्रकरणाचं तोंड फिरवत बसावं लागतं. यावर एक साधा उपाय आहे: एका कागदावर प्रत्येक प्रकरणाचा दावा एका वाक्यात लिहा, आणि कुठलंही प्रकरण बदललं की आधी तो कागद बदला. दोन वाक्यं एकमेकांशी भांडायला लागली की अख्खी प्रकरणं वाचण्याआधीच कळतं. प्रस्तावना शेवटी लिहावी हा जुना सल्ला बरोबरच आहे, फक्त तोवर हा कागद प्रस्तावनेचं काम करतो.

पण ज्याचा युक्तिवाद तुकड्यांत मरतो, त्याला सलग प्रबंधावाचून पर्याय नाही. एका संस्थेचा पन्नास वर्षांचा प्रवास, दीर्घ क्षेत्रकार्य, एका संकल्पनेचा इतिहास, हे आठ हजार शब्दांच्या पेपरात बसवलं की त्यातलं महत्त्वाचं नेमकं कापलं जातं. पुढेमागे पुस्तक काढायचं मनात असेल तर सामग्री एका जागी तयार असते, अर्थात प्रकाशक पुनर्लेखन करायला लावतातच.

साधनांवरून निवड करू नका. संदर्भ सांभाळणारं झोटेरो दोन्हीकडे तितकंच उपयोगी आणि फुकट. लेटेक या मजकूर मांडण्याच्या प्रणालीत प्रकरणागणिक वेगळी फाइल ठेवता येते, वर्डमध्ये हेडिंगच्या स्टाइल पहिल्या दिवसापासून लावल्या तर अनुक्रमणिका आपोआप होते. एवढं पुरे.

नोकरी सांभाळून करणाऱ्यांनी

पेपर छोटे असतात म्हणून नोकरदारांना सोयीचे, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. तुटक वेळात पेपर पुढे सरकतो हे मान्य. सलग प्रबंधाच्या मधल्या प्रकरणात पुन्हा शिरायलाच दोन तास जातात, आणि रात्री नऊनंतर ते दोन तास कुठून आणायचे? पण रिव्ह्यूअरचं उत्तर तुमच्या ऑफिसचं कॅलेंडर बघून येत नाही. तीस किंवा साठ दिवसांत दुरुस्त्या द्या, असं पत्र नेमकं वर्षअखेरीच्या धांदलीत येऊ शकतं. संपादकाला मुदतवाढ मागितली तर ती बहुधा मिळते. बरेच जण मागतच नाहीत. ज्यांना सलग आठ-दहा दिवसांची रजा वर्षातून दोनदा घेता येते त्यांनी सलग प्रबंधाला घाबरू नये. ज्यांना रोज एक तासच मिळतो त्यांना पेपर बरे.

आणि गाइड कसे आहेत? त्यांच्या हाताखालून नुकतेच बाहेर पडलेले दोन-तीन प्रबंध ग्रंथालयातून काढून बघा. तिन्ही सलग असतील तर पेपरांची वाट तुम्हाला एकट्यानंच तुडवावी लागेल. जर्नल कुठलं निवडायचं, नकार आल्यावर काय करायचं, याची सवय त्यांना नसेल तर घाईघाईत पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बनावट जर्नलच्या जाळ्यात सापडायला वेळ लागत नाही, आणि असा एक पेपर सगळ्या प्रबंधावर शिंतोडे उडवतो.

व्हायवा आणि दुरुस्त्या

ब्रिटनमध्ये व्हायवा सहसा दोन परीक्षकांसमोर बंद दाराआड होते आणि किरकोळ दुरुस्त्यांची अट घालून पास करणं ही तिथली नेहमीची गोष्ट. सलग प्रबंधात त्या दुरुस्त्या कुठेही येऊ शकतात. दुसऱ्या प्रकरणातला एक परिच्छेद बदलला की सातव्यातही डोकावून यावं लागतं. पेपरांच्या प्रबंधात प्रकाशित भागाला हात लावता येत नसल्यानं दुरुस्त्यांचा सगळा भार जोडमजकुरावर पडतो. पेपर आधीच तावून सुलाखून निघालेले आहेत म्हणून परीक्षक नरमाई दाखवतील, या भ्रमात मात्र राहू नये. जर्नलनं स्वीकारलेल्या पेपरावरही ते आक्षेप घेऊ शकतात, आणि तेव्हा "रिव्ह्यूअरनं असंच करायला सांगितलं होतं" हे उत्तर चालत नाही. स्वीडनमध्ये प्रबंध छापून जाहीर झाल्यावरच चर्चेला येतो, त्यामुळे तिथे दुरुस्त्यांचं काम आधीच उरकावं लागतं. तुमच्याकडची पद्धत कोणती आणि दुरुस्त्यांना मुदत किती, हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्या. शेवटच्या सहा महिन्यांचं गणित त्यावर बसवायचं आहे.