नेरूळमधलं मुलांचं फुटबॉल कोचिंग: पावसाळ्यापासून आत्तापर्यंतचा अनुभव

काल अकॅडमीच्या ऑफिसमधून पुढच्या तिमाहीच्या फीचा मेसेज आला. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी साचल्यामुळे बुडालेली सत्रं यावेळीही वळती केलेली नाहीत, म्हणून आज लिहायलाच बसले. हिशेब मिटलेला नाही, त्यामुळे अकॅडमीचं नाव देत नाही.

आधी पैशांचं. किट त्यांच्याकडूनच घ्यायचं, तेही दोन जोड. जर्सीवरचा नंबर महिन्याभरात उचकटला. मुलगी गोलकीपर, त्यामुळे हातमोज्यांचा खर्च वेगळा. लांब स्टडचे बूट घेऊ नका, कृत्रिम टर्फवर ते अडकतात आणि गुडघा दुखावतो. बारीक रबरी खुंट्यांचे टर्फ शूज स्वस्तही पडतात. टर्फचे काळे दाणे मोज्यांतून घरभर पसरतात, त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. ऑफिसात फोन कुणी उचलत नाही. इथवर दोनच स्टार.

आता कोच. सुरुवातीला सर मला फार मवाळ वाटले. शेजारच्या टर्फवरचे कोच सतत ओरडतात आणि त्यांची मुलं मॅच जिंकतात. आमचे सर मॅच चालू असताना जवळपास गप्प. एवढी फी भरून नुसतं "छान, छान" ऐकायचं का, असं मी घरी म्हणत होते.

ते मत बदललं गोल खाल्ल्यानंतरचा अर्धा मिनिट बघून. मी बेंचच्या मागेच उभी राहते, त्यामुळे सगळं ऐकू येतं. डिसेंबरमधल्या एका मॅचमध्ये आमच्या बचावातल्या एका लहानखुऱ्या मुलाने गोलकीपरकडे, म्हणजे माझ्या मुलीकडे, मागे पास दिला आणि बॉल तिच्या बाजूने थेट आमच्याच जाळ्यात गेला. पालकांचा एकदम "अरे!" निघाला. सरांनी आमच्याकडे वळून फक्त तळहात दाखवला आणि मुलांना विचारलं, "किक-ऑफ कोण घेतंय?" बस.

मध्यंतरात ते त्या मुलासमोर टर्फवर मांडी घालून बसले. पोरगं मान वर करत नव्हतं. सरांनी डी. वाय. पाटील स्टेडियमच्या दिशेने बोट दाखवलं. तिथे 30 ऑक्टोबर 2022 ला मुलींच्या अंडर-17 वर्ल्ड कपची फायनल झाली आणि ती स्वयंगोलवरच ठरली होती. 82व्या मिनिटाला कोलंबियाच्या आना गुझमानकडून तो झाला आणि स्पेन 1-0 ने जिंकलं. "तिला काही महिन्यांत जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबने घेतलं," सर म्हणाले, "तुला मी आत्ता घेतोय. त्याच जागेवर." मग माझ्या मुलीला विचारलं, "पास यायच्या आधी तू आवाज दिला होतास का?" तिने नाही म्हणून मान हलवली. "मग पुढच्या वेळी 'कीपर!' असं लवकर ओरड, म्हणजे त्याला तुझी जागा कळेल." दोष कुणाच्याच डोक्यावर ठेवला नाही, पण चूक नेमकी काय झाली ते दोघांनाही कळलं.

आणि तो मुलगा खरोखर त्याच जागेवर परत उतरला. मुलांच्या फुटबॉलमध्ये बाहेर काढलेल्या खेळाडूला परत आणण्याची मुभा नियमांतच देता येते. त्यामुळे सरांना त्याला तेवढ्यापुरतं बाहेर बसवणं अगदी सोपं होतं. तरी त्यांनी बसवला नाही. मॅच आम्ही हरलो. माझ्यासाठी अख्ख्या फीचा मोबदला त्या एका निर्णयात आहे.

सर मवाळ आहेत असं आता मी म्हणणार नाही. पुढच्या महिन्यात आमच्या स्ट्रायकरने समोरच्या गोलकीपरकडे बोट दाखवून हसल्याबरोबर सरांनी त्याला बाहेर बोलावलं, तेव्हा आम्ही आघाडीवर होतो. मॅच संपल्यावर हस्तांदोलनाच्या रांगेत त्याला सगळ्यांत पुढे उभं केलं आणि त्या गोलकीपरची माफी मागायला लावली. त्याचे वडील चिडले होते. सरांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "काका, तो पुढच्या मॅचला सुरुवातीपासून खेळेल." आणि तो खेळला.

तर कोचिंगला पाच, ऑफिसला दोन. नवीन येणाऱ्यांनी पावसाळ्यातल्या सत्रांचं काय होणार ते फी भरण्याआधी लेखी घ्या. ट्रायलच्या दिवशी मुलाचा खेळ बघा, पण कोच हरताना काय बोलतात तेही ऐका. मी बुडालेल्या सत्रांचे पैसे वजा करून उरलेली फी आज सकाळी पाठवली आहे आणि सोबत तारखांची यादी जोडली आहे. ऑफिसचं उत्तर आलं की इथेच लिहीन.