कॅन्सलेशनचा कुठला पर्याय लावायचा? एक घर मालवणचं, एक नागावचं

मावसबहिणीच्या सुनेने नागावला दोन खोल्यांचं होमस्टे सुरू करायचं ठरवलं. रंग झाला, गिझर लागले, फोटो काढून झाले आणि एअरबीएनबी ह्या खोल्या भाड्याने देण्याच्या साइटवर माहिती भरता भरता गाडी कॅन्सलेशनच्या चौकटीपाशी अडली, पाहुण्याने बुकिंग रद्द केलं तर किती पैसे परत द्यायचे ते ठरवणाऱ्या. रात्री साडेनऊला फोन. “मावशी, फ्लेक्सिबल, मॉडरेट, लिमिटेड, फर्म. ह्यातलं काय लावू? तुम्ही काय लावलंय?”

मी जे लावलंय ते तिच्या उपयोगाचं नाही, हे तिला पटायला वेळ लागला. आमचं घर मालवणजवळ, तिचं अलिबागजवळ. दोन्ही समुद्राकाठी, दोन्हीकडे माशाचं जेवण, दोन्हीकडे गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं. पण तिच्याकडे यायचं तर भाऊच्या धक्क्यावर गाडीसकट रो-रो बोटीत बसलं की तासाभरात मांडवा. आमच्याकडे यायला मुंबईहून पाचशे किलोमीटर. तिची खोली शुक्रवारी दुपारी रिकामी झाली तरी शनिवारी सकाळी कुणीतरी उठून येऊ शकतं. आमची शुक्रवारी रिकामी झाली की सोमवारपर्यंत रिकामीच. म्हणून पैसे किती कापता येतात हे नंतर बघायचं. आधी बघायचं ते एवढंच, की रद्द झालेली खोली पुन्हा भरायला आपल्या गावात किती दिवस लागतात.

नियम थोडक्यात असे. फ्लेक्सिबलमध्ये पाहुण्याला चेक-इनच्या २४ तास आधीपर्यंत सगळे पैसे परत मिळतात. मॉडरेटमध्ये ५ दिवस आधीपर्यंत. लिमिटेडमध्ये १४ दिवस आधीपर्यंत पूर्ण, १४ ते ७ दिवसांच्या मध्ये निम्मे, त्यानंतर काही नाही. फर्ममध्ये ३० दिवस आधीपर्यंत पूर्ण, ३० ते ७ च्या मध्ये निम्मे, पुढे शून्य. लिमिटेड हा ऑक्टोबर २०२५ पासूनचा नवा प्रकार. त्याच वेळी जुना स्ट्रिक्ट नव्या घरांसाठी बंद झाला, त्यामुळे एखादा जुना होस्ट, म्हणजे खोली देणारा घरमालक, “स्ट्रिक्टच लाव” म्हणाला तर तो पर्याय तुम्हाला दिसणार नाही. शिवाय मुक्काम निदान ७ दिवस पुढचा असेल, तर बुकिंग केल्यापासून २४ तासांत पाहुण्याला फुकट रद्द करता येतं, तुमचं धोरण कितीही कडक असो. त्यामुळे बुकिंग आलं की त्याच रात्री किराणा भरायला धावू नका.

आकडे मांडल्याशिवाय ह्यातला फरक डोक्यात बसत नाही. रात्रीला ६,००० रुपये, ३ रात्री, एकूण १८,०००. पाहुण्याने रद्द केलं तर आपल्या पदरात, एअरबीएनबीचं कमिशन जायच्या आधी, काय पडतं ते बघा:

| प्रकार | २० दिवस आधी | १० दिवस आधी | ३ दिवस आधी | आदल्या रात्री |
|---|---|---|---|---|
| फ्लेक्सिबल | ० | ० | ० | ६,००० |
| मॉडरेट | ० | ० | १२,००० | १२,००० |
| लिमिटेड | ० | ९,००० | १८,००० | १८,००० |
| फर्म | ९,००० | ९,००० | १८,००० | १८,००० |

मॉडरेटची ओळ पुन्हा वाचा. नाव मवाळ आहे, पण ५ दिवसांची रेघ ओलांडली की एक रात्र पूर्ण आणि उरलेल्या रात्रींचे निम्मे असा हिशोब लागतो. म्हणजे तीन रात्रींच्या बुकिंगवर दोन तृतीयांश, दोन रात्रींवर पाऊण आणि एका रात्रीवर सगळेच पैसे आपल्याकडे राहतात. शनिवार-रविवारच्या गिऱ्हाइकावर चालणाऱ्या घराला मॉडरेट दिसतं त्यापेक्षा बरंच कडक आहे. हे मला दोन वर्षांनी कळलं, तोवर मी त्याला ‘मधलं काहीतरी’ समजून सोडून देत होते.

पहिल्या वर्षी मी फ्लेक्सिबल लावलं होतं. घर नवं, रिव्ह्यू एकही नाही, ‘फ्री कॅन्सलेशन’चा फिल्टर लावून शोधणारे लोक तरी येतील असा विचार. आले, आणि जातही होते. डिसेंबरातला एक शनिवार अजून आठवतो. पुण्याची आठ माणसं, तिन्ही खोल्या, दोन रात्री. येणार शनिवारी दुपारी बाराला. जेवणात सुरमईच हवी असं दोनदा बजावलेलं, म्हणून शुक्रवारी सकाळी लिलावात उभी राहून दोन मोठ्या घेतल्या, बर्फात घातल्या, नारळ फोडून ठेवले. साडेअकराला मेसेज आला, सॉरी, प्लॅन बदलला. चोवीस तासांच्या रेघेच्या अर्धा तास अलीकडे! सगळे पैसे परत. सासूबाई बर्फाच्या पेटीत डोकावून म्हणाल्या, “आता ह्या सुरमयेचा काय करुचा?” एक शेजारी गेली, दुसरी आम्ही तीन दिवस खाल्ली.

पाहुण्याने काही चूक केली असं मी म्हणणार नाही. मीच लिहून दिलं होतं की २४ तास आधीपर्यंत चालेल.

तरीही फ्लेक्सिबलला मोडीत काढू नका. पावसाळ्यात आमच्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, पाण्यात उतरायची सोय नाही. त्या दिवसांत जो येतो तो पाऊस बघायला येतो, आणि घाटात दरड पडली की येत नाही. जुलैची रिकामी खोली धरून ठेवून काय मिळणार? तेव्हा फ्लेक्सिबल. नागावच्या सुनेलाही मी सांगितलं, पहिले दहा-बारा रिव्ह्यू मिळेपर्यंत सोमवार ते गुरुवार घर रिकामंच राहणार आहे, तोवर सैल राहिलीस तर फारसं जात नाही. तिच्याकडे तर शेवटच्या घटकेलाही माणूस मिळतो.

आता लिमिटेड की फर्म, हा आमच्यासारख्या लांबच्या घरांचा खरा प्रश्न. ७ दिवसांच्या आत दोन्ही सारखेच. फरक पडतो तो महिना ते पंधरवडा ह्या पट्ट्यात. तुमचं गिऱ्हाईक दोन-दोन महिने आधी बुकिंग करत असेल तर त्या पट्ट्यात पुष्कळ जणांचं मन बदलतं आणि फर्म उपयोगी पडतं. दहा दिवस आधी बुकिंग करणाऱ्याला दोन्हींत काहीच फरक नाही, तो दोन्हीकडे सरळ निम्म्याच्या पट्ट्यातच शिरतो.

आणि इथे रेल्वे मध्ये येते. कोकणातलं माझ्या वहीतलं रद्द होण्याचं पहिल्या नंबरचं कारण ना आजारपण, ना ऑफिस. वेटिंग लिस्ट! रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. आता लोक दोन महिने आधी सकाळी आठला तिकिटाला बसतात, कुडाळपर्यंतचं वेटिंग हाती लागतं, आणि ‘होईल कन्फर्म’ म्हणून त्याच दिवशी आमची खोली पक्की करतात. मग ते तिकीट सरकत सरकत जातं आणि गाडी सुटायच्या काही तास आधी चार्ट लागतो तेव्हा कळतं, झालं नाही. तोवर आमची ७ दिवसांची रेघ कधीच मागे पडलेली. “काकी, गाडी वेटिंगलाच राहिली हो. तुम्ही तरी काही बघा ना.” ह्या वाक्याला नियम दाखवणं सोपं असतं, पण समोरच्याच्या मांडीवर दोन वर्षांचं पोर रडत असल्याचं फोनवर ऐकू येत असतं.

म्हणून मी एक सवय लावून घेतली. चेक-इनच्या बरोबर आठ दिवस आधी मीच फोन करते. “तिकीट कन्फर्म आहे का? नसेल तर आज ठरवा, आज रद्द केलंत तर निम्मे मिळतील, परवा काहीच नाही.” काही जण त्या दिवशी रद्द करतात, मला खोली भरायला आठवडा मिळतो. काही जण त्याच दिवशी खासगी बसचं तिकीट काढतात. मी फर्म लावलं आहे, पण सगळे पैसे कापायची वेळ क्वचितच येते, ती टळते ह्या फोनमुळे. नागावच्या सुनेला हा उद्योग लागूच नाही. तिचा पाहुणा स्वतःची गाडी काढून येणार.

हंगामाप्रमाणे धोरण बदलायचं असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. बदल लागू होतो तो त्यानंतर होणाऱ्या बुकिंगना, आधी झालेल्यांना नाही. ३१ डिसेंबरच्या गर्दीसाठी डिसेंबरात फर्म करून उपयोग नाही. दिवाळीआधी केलं पाहिजे, कारण ती बुकिंग तेव्हाच पडतात. मेच्या सुट्टीसाठी शाळांच्या परीक्षा सुरू व्हायच्या आत. मी जूनमध्ये फ्लेक्सिबल करते आणि नवरात्र लागलं की फर्मवर आणते. कॅलेंडरवर खूण केलेली आहे.

“मग सगळ्यात कडक लावून विषय संपवू का?” असं सुनेने विचारलं. नाही संपत. तुमच्या धोरणाच्या वर एअरबीएनबीचे स्वतःचे नियम असतात. सरकारने प्रवास बंद केला, मोठी नैसर्गिक आपत्ती आली, तर पाहुण्याला पूर्ण परतावा मिळतो आणि तुमचं फर्म बाजूला राहतं. मार्च २०२० मध्ये हेच झालं. एअरबीएनबीने १४ मार्चपर्यंत झालेली बुकिंग पूर्ण परतावा देऊन रद्द करू दिली. जगभरच्या होस्टांनी आरडाओरडा केल्यावर त्यांनी २५ कोटी डॉलर बाजूला काढले, पण मिळाले ते धोरणाप्रमाणे जे मिळालं असतं त्याच्या २५ टक्के. म्हणजे कडक धोरण असलेल्याला थोडं तरी, आणि फ्लेक्सिबलवाल्याला शून्याच्या २५ टक्के.

दुसरी बाजू कुणी बोलत नाही, ती म्हणजे आपण रद्द केलं तर. गणपतीत आमच्या घरी आमचेच चाकरमानी येतात, तिन्ही खोल्या त्यांच्या. एका वर्षी त्या तारखा बंद करायला विसरले आणि बुकिंग पडलं. होस्टने रद्द केलं तर ३० दिवसांपेक्षा आधी १० टक्के, ३० दिवस ते ४८ तास ह्यांत २५ टक्के आणि शेवटच्या ४८ तासांत ५० टक्के दंड, कमीत कमी ५० डॉलर. शिवाय सुपरहोस्ट, म्हणजे चांगल्या होस्टला एअरबीएनबी देते तो बिल्ला, मिळवायचा तर आपण रद्द केलेली बुकिंग १ टक्क्याच्या आत हवीत; वर्षाला साठ-सत्तर बुकिंग करणाऱ्या घराला एक चूकसुद्धा परवडत नाही. मी शेवटी नवऱ्याला पडवीत झोपायला लावून खोली दिली. वर्षभराचे सणवार, घरची लग्नं, सगळं आधी बंद करून मगच बाकीचं कॅलेंडर उघडा.

नॉन-रिफंडेबलचा पर्याय वेगळा लावता येतो, त्यात पाहुण्याला १० टक्के स्वस्त आणि परतावा नाही. मी एक हंगाम लावून काढून टाकला. स्वस्त म्हणून घेणारा माणूसच पुढे सगळ्यात जास्त वाद घालतो. नागावसारख्या ठिकाणी दोन दिवसांवर बुकिंग करणाऱ्यांसाठी मात्र तो चालेल, त्यांचं बदलायचं काही राहिलेलंच नसतं.

जीएसटी नोंदणी असेल तर कापून घेतलेल्या रकमेवरही कर लागतो, खोलीला जो दर तोच. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलेलं आहे.

सुतकाबद्दल कुठल्याच चौकटीत लिहिलेलं नसतं. आपल्याकडे घरात कुणी गेलं तर माणूस दहा-तेरा दिवस फिरायला जात नाही, आणि त्याच्याकडे दाखला मागणं मला जमत नाही. एअरबीएनबीवर धोरण फर्म असलं तरी होस्टला स्वखुशीने जास्त परतावा देता येतो. मी देते. दोघा-तिघांनी फसवलंही असेल.

थेट फोनवर येणाऱ्या बुकिंगचं गणित निराळं. तिथे कापाकापीपेक्षा तारीख बदलून देणं दोघांना सोयीचं पडतं, कारण आगाऊ पैसे आपल्याकडे राहतात आणि पाहुणा परत येतो. फक्त ते लेखी हवं, ‘काकी म्हणाल्या होत्या’वर नको.

सुनेने शेवटी लिमिटेड लावलं. मी मॉडरेट सांगत होते. तिचं म्हणणं, सासऱ्यांनी कर्ज काढलंय, मला पहिल्या दिवाळीत झोप लागली पाहिजे. रिव्ह्यू यायला लागेपर्यंत तिला ते जड जाईल असं मला अजून वाटतं. थेट बुकिंगसाठी मात्र माझाच मेसेज तिने जसाच्या तसा उचलला, खाली देते, हवा तर तुम्हीही घ्या:

“नमस्कार. खोली निम्मी रक्कम जमा झाल्यावर पक्की होते. १५ दिवस आधीपर्यंत रद्द केल्यास पूर्ण रक्कम परत. त्यानंतर परतावा नाही, पण ६ महिन्यांत एकदा तारीख बदलून देऊ. दिवाळी, २४ डिसेंबर ते २ जानेवारी आणि मे महिना ह्या तारखांना ही सोय नाही. रेल्वेचं तिकीट वेटिंगला असेल तर कृपया आत्ताच सांगा. मासे आदल्या दिवशी सकाळी घेतले जातात, त्यानंतर रद्द केल्यास जेवणाचे पैसे द्यावे लागतील.”